वीतभर लंडन

मित्रांनो, त्या सकाळी आबांनी अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, भिंतीला टेकून थोडं लोकरीचं सूत काढलं आणि नेहमीसारखं मला मांडीवर घेतलं. मी त्यांच्या घरचा जुना पृथ्वीगोल. आबा म्हणजे हरिबा, आटपाडीजवळच्या वाडीतले मेंढपाळ. सगळं नेहमीसारखं असलेला तो शेवटचा दिवस.

माझा जन्म पुण्याच्या एका कारखान्यात झाला. पुठ्ठ्याच्या गोळ्यावर नकाशाच्या पट्ट्या चिकटवून मला लोखंडी आसावर बसवलं. सांगलीच्या दुकानात वर्षभर काचेआड काढल्यावर आबांच्या मुलीनं, हरणानं, मला विकत घेतलं. नर्सिंग शिकून १९७३ साली ती लंडनच्या इस्पितळात निघाली होती आणि आबांचं मन तयार होत नव्हतं. तिनं मला त्यांच्यापुढे ठेवलं, मुंबई दाखवली, लंडन दाखवलं.

आबांनी अंगठा मुंबईवर ठेवला, करंगळी लंडनकडे नेली. वीतसुद्धा पुरी लागली नाही. त्यांना अंतर कळायचं ते मुक्कामांत. मेंढरं घेऊन घाटाखाली उतरायला त्यांना वीस-बावीस मुक्काम पडत. लंडनला किती, असं त्यांनी विचारलं. एकही नाही, हरणा म्हणाली, विमानानं बारा तास.

"मग जा," आबा म्हणाले.

वाडीत माझं फार कौतुक झालं. शेजारच्या बयाबाई म्हणाल्या, "आमची पोरगी कराडात दिलीया, ती ह्यात दिसंना. तुमची बरी दिसती." आबा रोज माझ्यावर वीत घालत. त्यांच्या अंगठ्यानं माझी मुंबई झिजून पांढरी झाली. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

दोन वर्षांनी त्यांना खोकल्यानं धरलं. सुरुवातीला सांगितली त्या सकाळी मुलगा बाळासोनं विचारलं, हरणाअक्काला तार करू का?

"आत्ताच नगं," आबा म्हणाले. "ती काय मेंढरू हाय व्हय, म्हैनाभर आदी हाकायला? बारा तासांची वाट. तिच्या हाताखाली आजारी माणसं असत्यात. लईच झालं तर कर."

दुसऱ्या दिवशी ते उठले नाहीत. बाळासो सायकलवरून आटपाडीला जाऊन तार करून आला. आबा सारखे विचारत, किती तास झालं? बारा झाले. वीस झाले. "इमान लांबलं आसंल," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते गेले.

हरणा पोचली तेव्हा माती होऊन पाच दिवस झाले होते. तार हाती पडायला दोन दिवस, सुट्टी आणि तिकिटाला तीन, मग मुंबईहून एसट्या बदलत वाडीपर्यंत एक. बाळासोनं तिला बोल लावला नाही. आबांनी तार का थांबवली, तेवढंच सांगितलं.

मी तेव्हा धान्याच्या कणगीमागे धूळ खात पडलो होतो. मित्रांनो, माझ्याकडे बघून कुणाला अंतर सांगाल, तेव्हा वाटेतलं थांबणंही सांगा. ते माझ्यावर छापलेलं नसतं.

दुपारी घरात कुणी नव्हतं. हरणानं मला बाहेर काढलं, पदरानं पुसलं आणि आबा बसायचे तिथं भिंतीशी बसली. मग ती मोठ्यानं बोलली.

"आबा, बारा तास नुसतं इमानाचं हुतं. घरी पोचाय आठवडा लागंल, हे मला तवाच ठावं हुतं. तुमी जाऊ दिलं नसतं, म्हणून मी सांगितलं न्हाई."