पायाखालची भेग

व्हर्नाचं पत्र डिसेंबरात आलं होतं. आमच्या मिनेसोटातल्या तळ्याकाठच्या गावात ती दर वसंतात फोटोंचं प्रदर्शन भरवते. "नाव झाकलं तरी तुझेच वाटतील असे पाच फोटो दे," एवढंच तिने लिहिलं होतं. मी उत्तर दिलं नाही. असं माझं काही असेल यावर माझाच विश्वास नव्हता. बाकीचे लोक पक्षी टिपतात, सूर्यास्त टिपतात. मला माणसांसमोर कॅमेरा उचलायचाही संकोच. म्हणून मी गोठलेल्या तळ्यावर मान खाली घालून फिरायचो आणि पायाखालचा बर्फ टिपायचो.

"लेका, आयुष्यभर पुस्तकात मान घातलीस, आता बर्फात घाल!" शेजारचा अर्लंड म्हणायचा.

बर्फाला भोक पाडून मासे धरायचं त्याचं खोपटं गोठलेल्या तळ्याच्या मधोमध होतं. थंडीभर सगळ्यांचे ट्रक एकाच वाटेने आत जातात. रुळलेली वाट म्हणून तिथला बर्फ कोणी तपासत नाही.

मार्चमधल्या एका दुपारी मी थंडीभरचे फोटो टेबलावर मांडले. त्या वाटेलगतची एक भेग मी नकळत पुन्हा पुन्हा टिपली होती. आधी पांढरी, मग राखाडी, मग शाईसारखी काळी. ती जितकी काळी, तितका फोटो देखणा. स्वतःचं काही मला पहिल्यांदाच आवडलं. आणि लगेच लक्षात आलं, काळी म्हणजे तिथला बर्फ आतून विरघळतोय. अर्लंड आजच खोपटं ओढून आणायला निघणार होता.

मी फोटो घेऊन धावलो. काठावर त्याचा ट्रक घरघरत होता.

"या वाटेवरचा बर्फ आतून कुजलाय, अर्लंड. हा जानेवारीतला फोटो, हा कालचा. भेग तीच."

"परवाच गेलो की इथून! बाजूला हो, म्हाताऱ्या."

वाद घालणं मला कधी जमलं नाही. मी नुसता ट्रकसमोर उभा राहिलो.

"आधी चालत बघून येऊ," मी कसंबसं म्हणालो.

शिव्या देत तो पहार घेऊन उतरला. भेगेपाशी त्याने एक घाव घातला. पहार आरपार गेली. काळं पाणी सावकाश वर आलं आणि आमच्या बुटांभोवती पसरलं. खाली लांबवर कोणी कण्हल्यासारखा आवाज झाला.

"हलू नकोस," अर्लंड कुजबुजला.

पळायला हवं होतं. मी कॅमेरा उचलला. इतकं स्वच्छ मला कधी दिसलं नव्हतं.

"वेडा आहेस तू!"

"असेन. आता वळ. आलो त्याच पावलांवर पाय ठेव."

खोपटं तिथेच राहिलं. ते कलत गेलं, आणि एका सकाळी त्या जागी नुसतं पाणी होतं.

"त्या दुपारी काढलेला फोटो मला दाखवू नकोस," अर्लंड म्हणाला.

मी व्हर्नाला लिहिलं, "पाच पाठवतोय. भिंतीवर टांगू नकोस, जमिनीवर मांड. बघणाऱ्याला मान खाली घालावी लागू दे."

पाकीट टपालपेटीत टाकलं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.