सायकलीचा पोळा

जगदेवने कारंज्याहून जुनी सायकल आणली, तेव्हापासून त्याचा एकच बेत होता: पोळ्याला मनकर्णेला मागे बसवायचं आणि काठाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, भरल्या तलावाला पुरा फेरा मारायचा. लग्नाला वर्ष झालं होतं, पण चारचौघांत बायको अजून दहा पावलं मागेच चालायची.

पोळ्याच्या सकाळी बघतो तर सीटवर झूल, घंटीला गोंडा आणि हँडलला लोणी-हळद! आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकता शेकता आईने सायकलीचेही शेकले होते.

"आज तिच्यावर कोनी बसाचं नाही," आई म्हणाली. "बैलाले आज जू नाही, त तिलेच कायले ओझं? तलावावर नेऊन धुवून आना दोघं."

जगदेव चडफडला, पण आईपुढे काय चालणार! लोण्याने हात घसरू लागला, म्हणून दुसऱ्या बाजूने मनकर्णेने हँडल धरलं. तशीच दोघं बरोबरीने चालत राहिली. सायकल कधीच धुऊन झाली, तरी पाळीवरून अख्खा फेरा झाला.

"उद्या नक्की बसवतो तुले," घर दिसू लागल्यावर तो म्हणाला.

"कायले?" मनकर्णा हँडल न सोडता म्हणाली. "मागं बसलं का तुमची नुस्ती पाठ दिसन."