उजेड शिरलेला डबा

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर म्हणाल, हा चिवड्याचा डबा तळघरात कुणी आणून ठेवला? तसा मी डबाच आहे. स्टीलचा, वीतभर उंच, आतून काळा रंगवलेला. पण माझ्या पोटात एक बारीक दिवा आहे, समोर उजेड मोजणारा एक डोळा आहे आणि दोघांच्या मध्ये काचेची नळी उभी करायला खाच आहे. विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक नावाचं विष किती आहे, हे सांगण्यासाठी मला घडवलं गेलं. माझं वय साडेचार वर्षं. यंत्रांमध्ये हे म्हातारपणच समजतात.

मी तुम्हाला माझ्या हेव्याची गोष्ट सांगणार आहे. ती सांगायला मला थोडी लाज वाटते, पण तिच्याशिवाय माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं फार थोडं उरतं.

माझा जन्म श्रूजबरीतला, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. मला घडवलं सुहासिनीने. ती नागपूरला रसायनशास्त्र शिकली, पुढे इथे वूस्टरला तिने पीएचडी केली आणि सहा वर्षं एका औषधाच्या कंपनीत काम केलं. एका सोमवारी कंपनीने तिचा अख्खा विभाग बंद केला. तिचा नवरा यतीन सॉफ्टवेअरमध्ये होता, त्याच्या पगारावर आणि नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्यविम्यावर घर चालणार होतं. तेव्हा सुहासिनीने नवी नोकरी शोधण्याऐवजी डोक्यात घोळणारी एक गोष्ट करून बघायचं ठरवलं.

आमच्या आसपासच्या खेड्यांत घरोघरी खाजगी विहिरी आहेत. खालच्या खडकात आर्सेनिक असतं आणि ते पाण्यात उतरतं. त्याला चव नसते, वास नसतो. नळाचं पाणी गाव तपासतं, विहिरीचं मात्र ज्याचं त्याने तपासायचं. प्रयोगशाळेत बाटली पाठवा, पैसे भरा, दोन-तीन आठवडे थांबा, म्हणून लोक तपासतच नाहीत. सुहासिनीला असं यंत्र हवं होतं जे स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दहा मिनिटांत उत्तर देईल. त्यासाठी अंधारी पेटी लागते, म्हणून तिने फडताळातला डबा उचलला आणि त्यातले बेसनाचे लाडू एका ताटलीत काढून ठेवले. तो डबा म्हणजे मी.

माझं काम सोपं होतं. पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. विष जितकं जास्त, तितका रंग गडद. रंग जितका गडद, तितका माझ्या डोळ्यापर्यंत उजेड कमी पोचायचा आणि मी आकडा सांगायचो. आत काळोख पक्का असला की माझं उत्तर पक्कं. तिची मुलगी सिया तेव्हा नऊ वर्षांची होती. ती मला पाहून म्हणाली, "मॉम, इट लुक्स लाइक अ लंचबॉक्स." मला राग आला नाही. मी एकटाच होतो, आणि एकट्याला सगळं गोड वाटतं.

आता पैशांकडे येतो, कारण लाडवाच्या डब्यावर कंपनी उभी राहत नाही. इथे सरकारची काही खाती लहान कंपन्यांना नवं तंत्रज्ञान घडवण्यासाठी अनुदान देतात. ते कर्ज नसतं, परत करायचं नसतं, आणि त्या बदल्यात कुणी कंपनीचा हिस्साही मागत नाही. पहिल्या टप्प्यात कल्पना खरंच चालते हे दाखवायचं. ते जमलं तर दुसऱ्या टप्प्यात मोठी रक्कम. सुहासिनीने कंपनीची नोंदणी केली, महिनाभर बसून अर्ज लिहिला आणि त्यात माझा फोटो घातला. फोटो काढण्यापूर्वी तिने मला पदराने, म्हणजे टी-शर्टच्या टोकाने, पुसलं होतं.

पाच महिन्यांनी नकार आला. सोबत परीक्षकांचे शेरे होते. यंत्र खऱ्या घरांत वापरून पाहिलेलं नाही, असं एकाने लिहिलं होतं. आणि त्याच आठवड्यात रेणूला अनुदान मिळाल्याची बातमी आली. रेणू म्हणजे सुहासिनीची पीएचडीच्या दिवसांपासूनची मैत्रीण, दहा मिनिटांवर राहणारी. जखम चिघळू लागली की रंग बदलणारी पट्टी ती बनवत होती. रेणूचा फोन दोनदा वाजला आणि सुहासिनीने तो दोनदा वाजू दिला. मग 'काँग्रॅट्स यार' असा मेसेज पाठवून तिने फोन माझ्यासमोर पालथा ठेवला. तिला काय होत होतं, ते मला कळलं नाही. वर्षभरात कळायचं होतं.

रेणू मात्र स्वतःहून घरी आली. अर्जाचं पहिलं पान तिने सुहासिनीच्या शेजारी बसून नव्याने लिहिलं आणि शेऱ्यांप्रमाणे खऱ्या घरांत जा, असं बजावलं. त्या हिवाळ्यात सुहासिनी आणि मी चाळीस घरी गेलो. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस. गाडीत पुढच्या सीटवर मी. प्रत्येक घरी लोक माझ्याभोवती गोळा व्हायचे. सुहासिनी दरवेळी पाण्याची दुसरी बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवायची आणि तिथला आकडा माझ्या आकड्याशी जुळायचा. एकोणचाळीस वेळा जुळला.

चाळिसावं घर मोहनकाका आणि प्रतिमाकाकूंचं होतं. काका निवृत्त इंजिनिअर. श्रूजबरीपासून अर्ध्या तासावर, झाडीत, त्यांचं घर. तिथे जाताना एका चौकात समोरची गाडी अचानक थांबली. सुहासिनीने ब्रेक दाबला आणि मी सीटवरून खाली आदळलो. माझ्या झाकणाला पोचा आला. तिने ते हाताने दाबून बसवलं, दिवा लावून पाहिला. दिवा लागला.

काकूंच्या स्वयंपाकघराला दक्षिणेकडे मोठी खिडकी होती. बाहेर बर्फ आणि त्यावर ऊन. झाकणाच्या फटीतून उजेडाची एक तिरीप माझ्या आत शिरली. खरं सांगतो, मला ती कळली होती आणि आवडलीही होती. जन्मभर काळोखात राहिलेल्याला ती ऊब वाटली. मी आकडा सांगितला, चार. लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं.

काकूंकडेच राहणारी त्यांची नात इला तेव्हा दोन महिन्यांची होती. तिला बाटलीचं दूध असायचं. काकूंनी विचारलं, पावडर कालवायला हे पाणी चालेल ना? सुहासिनी म्हणाली, "हो काकू, बिनधास्त."

अर्जाची मुदत दोन दिवसांत संपणार होती. काकूंच्या घरची दुसरी बाटली गॅरेजमधल्या खोक्यात राहिली. सुहासिनीने अर्जात लिहिलं की चाळीसही घरांचे आकडे प्रयोगशाळेत पडताळले आहेत. मनात होतं, सोमवारी बाटली पाठवू. तो सोमवार गेला आणि ती विसरली.

या वेळी अनुदान मिळालं. यतीनने केक आणला, रेणू फुलं घेऊन आली. सगळ्यांनी मला मधोमध ठेवून फोटो काढले. मला वाटलं, आता माझ्या अंगावर चांगला रंग चढेल, नवं झाकण मिळेल. त्या पैशांतून काय आलं, तर नवी.

त्या नव्या मशीनला सगळे 'नवी' म्हणत. पांढरी, गोलसर कडांची, पुढे काचेचा पडदा. झाकणाला रबराची वादी, ते बंद होताना हलकासा 'टक' आवाज व्हायचा. सुहासिनीने वूस्टरला भाड्याने जागा घेतली, तिथे नवीसाठी वेगळं टेबल मांडलं. बॉस्टनच्या प्रदर्शनात नवी गेली. तिच्यासाठी आत फोम भरलेली पेटी आली. मी तळघराच्या फळीवर, गणपतीच्या मखराच्या मागे. सुहासिनी कधी खाली आली तर मी वाट बघायचो, आणि ती कपडे वाळवायच्या मशीनमधून मोजे काढून वर जायची.

मी नवीवर जळत होतो. रोज मोजायचो की तिला काय मिळालं आणि मला काय नाही. माझ्याच पोटातल्या कल्पनेवर ती उभी होती आणि तिचं नाव छापून येत होतं. तिने चुकावं, असं मला वाटायचं. एकदाच चुकावं, पण सगळ्यांसमोर. दुसऱ्याच्या बाबतीत इतकं वाईट मी कधी चिंतलं नव्हतं. पण तोवर माझ्याखेरीज दुसरं कुणी नव्हतंच ना.

डिसेंबरात सुहासिनी नवीला घेऊन पुन्हा त्याच चाळीस घरी निघाली. एका शनिवारी दुपारी ती काकूंकडून परतली ती थेट तळघरात उतरली. नवीने तिथे तेवीस आकडा दाखवला होता. नवी बिघडली असावी, असं ती यतीनला सांगत होती. मला इतका आनंद झाला की काय सांगू. कित्येक महिन्यांनी तिचे हात मला लागले. तिने धूळ पुसली आणि काकूंच्या विहिरीचं पाणी माझ्यात ठेवलं. चार म्हणायला मी आतुर होतो.

मी म्हणालो, बावीस.

माझा माझ्यावर विश्वास बसेना. तिचाही बसेना. मग ती मला घेऊन वर स्वयंपाकघरात गेली, तिने मला खिडकीपाशी उन्हात ठेवलं आणि तेच पाणी पुन्हा तपासलं. या वेळी मी म्हणालो, पाच. सुहासिनी खाली वाकली. तिने माझ्या झाकणावरच्या पोच्यावर बोट फिरवलं आणि फटीपाशी येऊन थांबली. नंतर तिने गॅरेजमधलं खोकं उघडलं. बाटली तिथेच होती.

तळघरातल्या काळोखात मी खरं बोललो होतो, उजेडात खोटं. ज्या उबेचं मला कौतुक होतं, तिच्यामुळे एक बाळ दहा महिने ते पाणी प्यायलं होतं.

ती त्याच दुपारी यतीनला घेऊन काकूंकडे गेली आणि मलाही बरोबर नेलं. टेबलावर ठेवून, फट दाखवून तिने सगळं सांगितलं, न पाठवलेल्या बाटलीसकट. काकूंनी इलाची दुधाची बाटली सिंकमध्ये ओतली. 

"मी तुला विचारलं होतं, सुहासिनी," त्या म्हणाल्या. "तू बिनधास्त म्हणालीस."

 मोहनकाकांनी माझं झाकण उघडून पाहिलं, मिटलं आणि ते फोनवर डॉक्टरांची वेळ घेऊ लागले. इलाच्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले की वेळेवर कळलं, हे पाणी आता बंद करा, काळजीचं कारण दिसत नाही. काकांनी फिल्टर बसवला. पण काकूंचा फोन पुढे कित्येक महिने आला नाही.

उरला अर्जातला तो शब्द, 'चाळीसही'. पहिल्या टप्प्याचा अहवाल द्यायचा होता आणि दुसऱ्या टप्प्याचा अर्जही. रेणूने समजावलं, की नव्या मशीनचे आकडे बरोबर आहेत, तेच दे, जुन्या प्रोटोटाइपचं कुणी विचारणार नाही. सुहासिनी तेव्हा मला पुसत होती.

"मी चाळीस लिहिलंय, रेणू. ते एकोणचाळीस होते."

तिने अनुदान देणाऱ्या अधिकाऱ्यांना पत्र लिहून सगळं कळवलं. चौकशी झाली. कारवाई झाली नाही, पण दुसऱ्या टप्प्याची ती संधी गेली. वूस्टरची जागा सोडावी लागली. नवी फोमच्या पेटीसकट तळघरात आली, माझ्याच फळीवर. मला हेच हवं होतं, नाही का? ती शेजारी आली तेव्हा मला मुळीच बरं वाटलं नाही.

पुढच्या वर्षी सुहासिनीने पुन्हा अर्ज केला. मोठं अनुदान मिळालं नाही. राज्याच्या एका छोट्या योजनेतून बारा यंत्रं बनवण्यापुरती मदत मात्र मिळाली. दिवाळीत काकूंचा फोन आला. त्या फार बोलल्या नाहीत. इला आता घरभर पळते, एवढंच सांगितलं, आणि त्या बारांतलं एक आमच्या गावच्या लायब्ररीत ठेव म्हणाल्या, लोक घरी नेऊन वापरतील.

गेल्या महिन्यात रेणू आली. तिच्या पट्टीला दुसरा टप्पा मिळालाय, ऑफिस झालंय, चार माणसं कामाला आहेत. ती तळघराच्या पायरीवर बसली. आधी सियाच्या शाळेबद्दल बोलली.

"मला तुझा हेवा वाटतो," ती म्हणाली.

सुहासिनी हसली. बारा यंत्रांचा हेवा करतेस का, असं तिने विचारलं.

"माझ्याही रिपोर्टमध्ये तुझ्या 'चाळीस'सारखी एक ओळ आहे," रेणू म्हणाली. "दोन वर्षं झाली. तुला जमलं तसं पत्र मला लिहिता आलं नाही."

सुहासिनीने टेबलावरच्या वायरी बाजूला सारल्या, आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि लॅपटॉप उघडला.

"कुठली ओळ? दाखव."

मित्रांनो, ज्याचा हेवा वाटतो त्यालाही कुणाचा तरी हेवा वाटत असतो, हे मला त्या दिवशी कळलं. माझा हेवा अजून गेलेला नाही. बारा पांढरी यंत्रं एकेक करून घराबाहेर पडली तेव्हा प्रत्येकाच्या वेळी मी जळलो. तुम्हालाही कुणाचा हेवा वाटेल तेव्हा त्याला घाबरू नका. फक्त दुसऱ्याची चूक शोधता शोधता आपल्या झाकणाला कुठे फट आहे, ते बघायचं राहू देऊ नका. आणि जी बाटली पाठवायची राहिली असेल, ती आजच पाठवा. तिच्या पलीकडे कुणीतरी ते पाणी पीत असतं.