उरलेला दीड तास

निळं बटण, चार भोकांचं, एका भोकात लोकरीच्या कोटाचा दोरा अजून अडकलेला... इंगाने खिशात हात घालून ते पुन्हा चाचपलं, आणि समोरच्या पडद्यावर वर्ग घेणारी केल्सी काय दाखवते आहे ते तिला पुन्हा कळलं नाही. आज बुधवार. बुधवारी चार वाजता मार्नीकडे. ‘पुढच्या बुधवारी येते नि लावून देते,’ असं इंगा तिला बोलून गेली होती. बोलून गेली होती! मुलाला कधी शब्द द्यायचा नाही, हे तिला शिकवून बावीस वर्षं झाली. तिने स्वतः किती नव्या माणसांना ते दरडावून सांगितलं असेल.

आणि आता चाराला पाच मिनिटं असताना ती ग्रंथालयाच्या तळघरात, घडीच्या लोखंडी खुर्चीवर, छातीवर नावाचा कागद चिकटवून बसलेली. सकाळी तिने मार्नीला सांभाळणाऱ्या बाईंना फोन केला होता. “सांगते तिला,” त्या म्हणाल्या होत्या, “पण ती पायरीवर बसणारच. बुधवार आहे ना.”

दीड तास कमी पडला म्हणून हे सगळं. कोर्टाने मुलांसाठी नेमलेल्या स्वयंसेवकाने दर वर्षी बारा तास शिकलंच पाहिजे, आणि इंगाचे साडेदहा भरले. वर्ष उद्या संपतं. शुक्रवारी मार्नीची सुनावणी — नऊ वर्षांची ती पोर इथेच, नेब्रास्कात, त्या बाईंकडे राहणार की वायोमिंगला मावशीकडे जाणार, ते त्या दिवशी ठरणार. तास भरले नाहीत तर इंगाचं नाव यादीतून जाणार, आणि नावाबरोबर तिचा अहवालही. मग कोर्टात मार्नीची बाजू सांगायला कोण? मार्नीला दोनदासुद्धा न भेटलेला वकील.

तसे ते तास भरलेही असते. मागच्या महिन्यात दीड तासाचा धडा तिने संगणकावर बघितला होता. पण मधूनमधून पडद्यावर एक चौकट येते, ‘तुम्ही आहात ना?’ विचारते, आणि तिच्यावर बोट टेकवावं लागतं. एकदा टेकवायचं राहिलं. सगळा धडा बाद. मी होते की! तिथेच होते, त्याच टेबलाशी — मार्नीच्या शिक्षिकेशी फोनवर बोलत होते, मुलीच्याच कामासाठी...

“अहो इंगा, ते मुलीचं काम झालं, शिक्षण नव्हे,” केल्सी म्हणाली होती. “त्याचा रकाना वेगळा.”

रकाना! केल्सीचा जन्म व्हायचा होता की नुकताच झाला होता, तेव्हा इंगाने आपले पहिले तीस तास चर्चच्या सभागृहात काढले होते, दहा संध्याकाळी, बरोबरच्या बर्निसने आणलेले, जर्दाळू भरलेले कोलाची नावाचे गोड पाव खात. एका संध्याकाळी म्हातारे न्यायाधीश स्वतः त्यांना रिकाम्या कोर्टात घेऊन गेले आणि एकेकाला म्हणाले, गुडघ्यांवर बसा. चांगल्या कपड्यांतल्या बायका, एक बँकेतला माणूस, सगळे गुडघ्यांवर. “आता वर बघा,” ते म्हणाले. न्यायासन केवढं उंच दिसलं होतं... नुसती लाकडाची भिंत, आणि तिच्यावर, फार लांब, एक चेहरा. त्याला कुठली चौकट लागली होती?

“तुझा चेहरा बघून वाटतंय, तुला दात उपटायला आणलंय,” शेजारची डोरीन कुजबुजली.

“दात परवडला असता. दहा मिनिटांत सुटका.”

केल्सीने जोड्या लावल्या. एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने स्वयंसेवक. इंगाच्या वाट्याला ग्लेन आला, बसदुरुस्तीतून निवृत्त झालेला, आडदांड, या कामात पहिल्याच महिन्यातला. इंगाच्या हातात चिठ्ठी: तू नऊ वर्षांची आहेस. तू कुठे राहायचं ते कोर्ट ठरवणार आहे.

“नऊ वर्षांची!” डोरीन म्हणाली. “इंगा, वेण्या घालून ये जा.”

ग्लेनने खुर्ची पुढे ओढली, घसा खाकरला. घाबरला होता बिचारा. कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर ते आर्जव — आपल्या हातून नीट होऊ दे असं.

“मग... आजीकडे जायला आवडेल ना तुला? मोठं अंगण आहे म्हणे तिचं.”

इंगाने ‘हो’ अशी मान हलवली.

हलवली की हलली? तिने काही ठरवलं नव्हतं. समोर एवढा मोठा माणूस, एवढ्या आशेने बघतो आहे, त्याला नाही कशाला म्हणायचं...

“ग्लेन,” मागून केल्सी म्हणाली, “उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत तिला.”

खिशातल्या हाताची मूठ वळली. पायरी. मागचा बुधवार. ‘मावशीकडे जायला आवडेल ना तुला? तिच्याकडे घोडे आहेत.’ — कोण म्हणालं होतं हे? मीच. किती प्रेमाने म्हणाले होते. आणि मार्नीने मान हलवली होती, खाली बघत, कोटाचं बटण पिळत, पिळत, ते हातात येईपर्यंत. इंगाचं सगळं लक्ष बटणाकडे गेलं होतं. ‘अगं, तुटलं की! दे इकडे.’ आणि घरी येऊन तिने अहवालात, आपल्या वळणदार अक्षरात, लिहिलं होतं: मार्नीला मावशीकडे जाण्याची इच्छा आहे.

या पोरीने, या रकानेवालीने, हे आज दाखवावं. तिचा राग यायला हवा होता. इंगाने तो शोधलाही. भिंतीवर चार वाजून वीस मिनिटं. मार्नी पायरीवर असेल, कोट पुढून उघडा. इथून उठलं तर अहवाल कोर्टापुढे जाणार नाही, आणि बसून राहिलं तर जाईल... तो, तसाच लिहिलेला?

“पुन्हा विचारू?” ग्लेन ओशाळून म्हणाला. “तुला... काय हवंय?”

इंगाने चिठ्ठी उलटून पाहिली. मागे कोरी. बावीस वर्षांत ती खुर्चीच्या या बाजूला कधी बसलीच नव्हती. ग्लेनला पुढे काय विचारायचं ते माहीत नव्हतं, म्हणून तो आपले जाडजूड हात मांडीवर ठेवून नुसता थांबला. थांबून राहिला. बटणाची कड तिच्या तळव्यात रुतत होती, आणि त्या पायरीवर मार्नीच्या उत्तरासाठी आपण इतका वेळ गप्प बसलो होतो का, हे तिला काही केल्या आठवेना.