फळीच्या अलीकडे

गल्लीत पाणी चढतंय म्हटल्यावर लोकांनी सामान माळ्यावर टाकायला सुरुवात केली. गळतीकाकांनी मात्र दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट अंगात चढवला.

काकांचा धंदा वॉटरप्रूफिंगचा. लोकांच्या गच्च्या आणि टाक्या ठिबकायच्या थांबवण्यात त्यांची हयात गेली. आणि नशिबाने व्याही मिळाले ते पाणी उपसायचे पंप विकणारे. काकांची लेक त्यांच्या घरी दिलेली, त्यामुळे बोलण्यात कायम व्याहीच वरचढ. तुमचं काम फसलं की आमचं सुरू होतं, हे वाक्य ते दर भेटीत, पानात दुसऱ्यांदा वाढून घेताना म्हणत. काका हसत. लेकीच्या सासऱ्यापुढे दुसरं करणार काय? पण मनात त्यांनी ठरवून टाकलं होतं की एकदा भर पुरात ह्या माणसासमोर कोरडं बसून दाखवायचं, आणि मेलो तरी त्याच्याकडे पंप मागायचा नाही.

तो दिवस आज उजाडला होता. व्याही सकाळी आले, आणि पावसाने त्यांना परत जाऊ दिलं नाही. काकांना पाऊस कधी इतका समजूतदार वाटला नव्हता.

त्यांनी पलंगाखालून फळी ओढून काढली. दाराच्या मापाची, कडेने रबर लावलेली, स्वतः डोकं चालवून बनवलेली. पूर येत नव्हता तोवर काकू तिच्यावर इस्त्री करायच्या. चौकटीच्या खाचांत ती अशी चपखल बसली की काकांनाच भरून आलं.

मग ते भोकांकडे वळले. गटाराचं पाणी उलटं चढून घरात येतं, असं व्याह्यांना समजावत त्यांनी चिंध्यांचे बोळे कोंबून बाथरूमची मोरी बुजवली, स्वयंपाकघरातलं सिंक बुजवलं, आणि प्रत्येक बोळ्यावर स्वतःच्या कारखान्यातली पुट्टी थापली. शेवटी छत्री घेऊन गच्चीत गेले आणि तिथल्या पाइपाचं तोंडही बंद करून आले. गटार काय जिना चढून गच्चीवर येणार आहे का, असं काकूंनी विचारलं. अर्धवट काम करायची आपली पद्धत नाही, असं काका म्हणाले.

पाणी आलं. पहिली पायरी गेली, दुसरी गेली, आणि मग गढूळ लाट फळीला येऊन टेकली. समोरच्या इमारतीच्या गॅलरीत माणसं गोळा झाली. खालच्या शिंप्याने दुकान बंद करून वर जागा धरली. पाणी चार बोटं चढलं आणि आत एक थेंब आला नाही. काकांनी फळीच्या बुडाशी बोट फिरवलं आणि ते व्याह्यांच्या चष्म्यासमोर धरलं.

"बघा. पावडर लावल्यासारखं कोरडं."

व्याह्यांनी बघितलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. काकांना वाटलं, हा पूर आठवडाभर राहावा.

तेवढ्यात नळ कुणी सोडला, असं काकूंनी आतून विचारलं. नळ कुणीच सोडला नव्हता. गच्चीचं तळं भरून दाराखालून जिन्यात उतरलं होतं आणि घरच्या माणसासारखं, न विचारता, एकेक पायरी खाली येत होतं. पुढे काकूंची गच्चीतली चप्पल तरंगत होती.

काका बाथरूमकडे धावले. बोळा हलेना. पाण्याखाली ही पुट्टी अधिकच घट्ट होते, असं त्यांच्याच जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं, आणि धंद्यात ते कधी खोटं बोलले नव्हते. काकू पदर खोचून, वरवंटा घेऊन गच्चीत गेल्या. वरून दोन दणके ऐकू आले. पुट्टी शाबूत राहिली, पाइप फुटला. जिन्यातली धार थांबली.

पण दिवाणखान्यात घोट्याच्या वर पाणी झालं होतं. बाहेरच्यापेक्षा आत जास्त. घराला एकही भोक उरलं नव्हतं. उभ्या आयुष्यात काकांच्या हातून इतकं चोख काम झालं नव्हतं. फळी उचला, काकूंनी वरून सांगितलं. फळी उचलायची म्हणजे अख्ख्या गल्लीदेखत वॉटरप्रूफिंगवाल्याच्या घरातून पूर बाहेर सोडायचा. काका तयार होईनात. पाणी पसरत पसरत फ्रिजच्या मोटरपाशी पोचलं, तेव्हा मात्र त्यांनी भिंतीकडे बघत तोंड उघडलं.

"व्याहीबुवा, एखादा पंप मिळेल का?"

व्याही सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. त्यांनी चहाचा रिकामा कप सोफ्याच्या हातावर ठेवला.

"पंप आहेत. सगळे पाण्याखाली आहेत. दुकान तळघरात ना आमचं."

"आणि हे तुम्ही सकाळपासून बोलला नाहीत?"

"कुणाला बोलू? तुम्हाला?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. आधी काकांचं पोट हलायला लागलं, मग व्याह्यांचं. हसता हसता व्याह्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरून बादली मागितली.

दोघं दाराच्या दोन कडांना उभे राहून फळीवरून बादल्या रिकाम्या करू लागले. तालच धरला त्यांनी. समोरच्या गॅलरीत कुजबुज झाली आणि शिंप्याने हाक मारली, "काका, पाणी आतून येतंय की काय?"

काकांचा घसा कोरडा पडला. घरात तेवढीच एक जागा कोरडी उरली होती.

"टेस्टिंग चालू आहे," व्याही न हसता ओरडले. "गच्ची पाण्याने भरून बघतात ना, तशी फळी दोन्हीकडून भरून बघतोय. असं काम शहरात कुणी करत नाही."

गॅलरीने आदराने माना हलवल्या. पण शिंपी शिंपीच, त्याने उसवलेली शिवण पकडली. एवढे पंप विकता आणि हातात बादली का, असं त्याने व्याह्यांनाच विचारलं.

"मीच नको म्हटलं," काका म्हणाले. "त्यांचा पंप लावला असता तर फळीसकट चौकट उखडून गेली असती. जोर माहीत नाही तुला."

शिंप्याने विचार केला आणि एक फळी आणि एक पंप, दोन्हींची ऑर्डर देऊन टाकली. शेजारच्या गॅलरीतूनही दोन हात वर झाले.

काकू भिजून चिंब खाली आल्या. बाहेरचं पाणी आता पायरीखाली उतरलं होतं. त्यांनी सरळ फळीला हात घातला.

"राहू द्या," दोघं एकदम म्हणाले आणि बादल्या भरायला वाकले.