लोटनआबांचा अंगठा

एकोणीसशे सत्तावन्न साली धुळ्यातल्या एका सहकारी जिनिंगचा मी मॅनेजर झालो. वय एकोणतीस. शेतकरी कापूस आणत, आम्ही सरकी वेगळी काढून रुई विकत असू आणि निवडक कापसाची सरकी बियाणं म्हणून सभासदांना परत देत असू. रुजू होण्याआधी मुंबईला तीन महिने कारखाना-व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलं होतं. तिथली कार्डपद्धत माझ्या डोक्यात भिनली होती. मालाच्या प्रत्येक ढिगाला रंगीत कार्ड, त्यावर कापसाची जात, तारीख, माझी सही आणि गोदाम सांभाळणाऱ्याचा अंगठा.

गोदाम लोटनआबा सांभाळत. वीस वर्षांचा अनुभव, बोलणं मोजकं. कार्डांचा गठ्ठा पाहून ते म्हणाले, "जीवरामभाऊ, पहिले मधमां भीत घाला. अमेरिकन आनि गावरान एकच खोलीमां शे. ढीग घसरना म्हंजे बठ्ठं एक व्हयी जास."

अमेरिकन आणि गावरान या दोन जातींचा कापूस एकमेकांत मिसळेल, म्हणून ते मधे भिंत मागत होते. "भिंत पुढच्या वर्षी बघू," मी म्हणालो. दहा दिवसांनी संचालक मंडळ पाहणीला येणार होतं. भिंतीचं काम काढलं असतं तर गोदाम रिकामं करावं लागलं असतं, आणि मला त्यांना कार्डं दाखवायची होती. ती मी दाखवली. मंडळाने कौतुक केलं. लोटनआबा एका कोपऱ्यात उभे राहून घसरलेला कापूस फावड्याने मागे ओढत होते.

जूनमध्ये बियाण्याची सरकी पोत्यांत भरून गेली. प्रत्येक पोत्यावर कार्डाची नक्कल, 'अमेरिकन, शुद्ध' असं लिहिलेली.

सप्टेंबरात शिंदखेड्याकडून तक्रार आली की बी भेसळीचं निघालं. अध्यक्षांनी मला बोलावून विचारलं, "जबाबदार कोण?" माझ्या तोंडून लगेच निघालं, "कार्डावर अंगठा लोटनचा आहे."

त्याच दुपारी पंधरा-वीस हमालांसमोर मी लोटनआबांना कामावरून कमी केलं. वडिलांच्या वयाच्या माणसाला अरेतुरे केलं. "हा अंगठा तुझाच ना?" असं विचारलं. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. वाचता येत नव्हतं.

"मनाच शे," ते म्हणाले, आणि पागोटं घेऊन निघून गेले. भिंतीचा विषय त्यांनी काढला नाही. काढला असता तर मला खाली बघावं लागलं असतं, कारण मी तो विसरलो नव्हतो. बोलत असताना तो माझ्या डोक्यात होता.

दोन दिवसांनी अध्यक्षांनी मला शेत बघायला पाठवलं. तक्रार करणारे निंबाआबा पाटील मला बांधावर घेऊन गेले. कपाशी फुलावर आली होती. एकाच ओळीत रुंद पानांची, फिकट फुलांची अमेरिकन आणि तिला लागून चिरलेल्या पानांची, पिवळ्या फुलांची गावरान. नऊ एकर तसंच.

"सरकी हातमां लिधी तव्हयच माले शंका उनी," निंबाआबा शांतपणे म्हणाले. "पन सुनबाईने चिठ्ठी वाची. शुद्ध लिखेल व्हतं, तुमनी सही व्हती. म्हंतलं, साहेबले आपल्यापेक्षा जास्ती समजत व्हई."

त्यांनी मला चहा दिला. तो अर्धा ठेवूनच मी निघालो.

परत आल्यावर मी लोटनआबांच्या घरी गेलो. ते दुसरीकडे हमालीला गेले होते. त्यांच्या पत्नी मंजुळाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी उभ्यानेच सांगून टाकलं, की चूक माझी होती, आबांनी आधीच सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

त्या भांडी आवरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "चार जनसमोर बोलनात तुम्ही. आते माले एकलीले सांगीसन काय उपेग?"

दुसऱ्या दिवशी मी लोटनआबांना निरोप पाठवून बोलावलं. ते फाटकाशी उभे राहिले, आत येईनात. मी हमालांना गोळा केलं आणि सगळं सांगितलं. लोटनआबा कशाला अंगठा लावतायत हे मी त्यांना कधी वाचून दाखवलं नव्हतं, हेही सांगितलं. एक हमाल जमिनीकडे बघत राहिला, ते मला फार लागलं. मग अध्यक्षांकडे जाऊन तेच पुन्हा सांगितलं. त्यांनी माझी बढती थांबवली. नोकरी ठेवली.

मी परत बोलावल्यावर लोटनआबा आठ दिवसांनी कामावर आले. माझ्याशी कामापुरतं बोलत. दिवाळीआधी भिंत उभी राहिली, दोन्ही बाजूंना वेगळी दारं झाली, गाड्या कुठे उतरवायच्या ते त्यांनी ठरवून दिलं. तो हंगाम आम्ही कार्डांशिवाय काढला. त्याच्या पुढच्या वर्षी कार्डं लावली, तेव्हा ती चालली.

निंबाआबांनी मात्र पुन्हा आमच्याकडून बी नेलं नाही. त्यांच्या गावची गाडी फाटकावरून पुढे जाताना दिसली की मी खिडकीपासून बाजूला होत असे.