दात गेला, ठणका राहिला

शकुबाईचा दात गेला, पण ठणका जागचा हलायला तयार नव्हता. आधी रूट कॅनल झालं. मग त्याच दाताला चीर गेली म्हणून लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तो उपटून टाकला. आता रिकाम्या खड्ड्यातून कळ निघायची ती थेट कानात. दात नसलेली दाढदुखी अख्ख्या कुसगावात एकट्या तिच्याच वाट्याला आली होती.

आणि दिवस कुठला, तर भीमजयंतीचा. इतकी वर्षं गायनपार्टीत मागच्या रांगेला उभी राहून टाळ्या वाजवत दुसऱ्याची ओळ ओढणारी ही बाई. यंदा पहिल्यांदाच तिनं स्वतः जुळवलेलं गाणं स्टेजवर होणार होतं आणि माइक तिच्या हातात असणार होता. निळ्या साडीला इस्त्री करून झाली होती. तोंड मात्र बोटभरापलीकडे उघडत नव्हतं.

"न्हाई जमलं तर सृष्टी म्हणंल तुजं गाणं," ढोलकीवाल्या हनुमंतानं सकाळीच दारात येऊन सांगितलं. माणूस चांगल्या मनानं बोलला, पण शकुबाईच्या काळजात चर्र झालं. गायनपार्टीतल्या त्या सृष्टीचा गळा गोड होता, हीच तर भीती होती.

तिनं पथ्य एकही मोडलं नव्हतं. गरम खाल्लं नाही, कडक चावलं नाही, चूळसुद्धा जपून भरली. डॉक्टरीणबाई तंबाखू बंद म्हणाल्या, तेव्हा तर तिनं ताठ मानेनं सांगितलं होतं की जन्मात कधी चिमूट तोंडात धरली नाही.

हनुमंत गेला आणि ती मोरीवर बसली. सून प्रतीक्षा भांडी न्यायला आली, तर सासूचं बोट तोंडात आणि बोट काळंकुट्ट.

"आई, हे काय करताय?"

"दात घासती. स्टेजवर जायाचंय, घाण तोंडानं जाऊ व्हय?"

"मिश्री लावताय? रोज?"

"मग? खड्ड्यात तर जरा जास्तच दाबती, घाण ऱ्हायला नको."

"अहो, मिश्री तंबाखूचीच की. तुम्ही तव्यावर भाजता तेव्हा घरभर खोकतो आम्ही."

"भाजल्यावं तंबाखू कुटं ऱ्हाती? जळून जाती ती," शकुबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिचं बोट तोंडातच थांबलं.

प्रतीक्षानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला, स्कूटी काढली. सुट्टीमुळे हायवेवर पर्यटकांच्या गाड्यांची ही रांग. सुनेनं गाडी वलवणच्या बाजूनं आतल्या रस्त्याला घातली आणि खड्ड्याखड्ड्याला सासूनं तिचा खांदा आवळला. डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे डॉक्टर अनघांनी, बंद दवाखाना दोघींसाठी उघडला.

"मावशी, दात काढला की तिथं रक्ताची गाठ धरते. जखमेचं झाकणच ते. तुम्ही ते रोज घासून काढलंत. आत हाड उघडं पडलंय, ते ठणकणारच."

त्यांनी खड्डा धुतला आणि लवंगेच्या वासाची औषधाची पट्टी आत बसवली. शकुबाई डोळे मिटून पुढच्या कळेची वाट बघत राहिली. कळ आलीच नाही. तिला हसूही आलं आणि रडूही.

"गाऊ का, बाई?"

"मिश्री सोडणार?"

"आजच डबी फेकती. गाऊ का?"

"हळू गा. जबडा ताणू नका."

संध्याकाळी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. माइक हातात आला तेव्हा शकुबाईनं तो ओठांच्या अगदी जवळ धरला. अर्ध्याच उघडलेल्या तोंडानं तिनं हळू सुरुवात केली.

"आईच्या हाती खुरपं गं, लेकीच्या हाती पाटी,
भीमानं उघडली वाट गं, माज्या लेकीसाटी."

हनुमंतानं तिच्यासाठी ढोलकीची लय उतरवली. गलका कमी होत होत थांबला, कारण शब्द ऐकायचे तर गप्प बसणं भाग होतं. तेवढ्यात मागच्या बायांनी ओळ उचलली. सृष्टीचा आवाज त्यात सगळ्यात वर होता. आपली ओळ इतक्या गळ्यांतून येताना शकुबाईनं कधी ऐकली नव्हती. ती मागं वळून बघतच राहिली, आणि पुढचं कडवं आपणच घ्यायचंय हे साफ विसरून गेली.

"आई," खालून प्रतीक्षा ओरडली, "पुढं म्हणा की, सगळे थांबलेत."